भिंतीवरचा चट्टा आणि फातमाबीची कळशी

ज्या वर्षी आमच्या मालेगावच्या घराला महारोग झाला, त्या वर्षी मी अकरा वर्षांची होते.

(घराला! माणसाला नाही, भिंतीला. हसू नका, पुढं ऐका.)

आम्ही यहुदी. मूळचे अलिबागकडचे, घरात मराठीच बोलणारे. बाबा रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर. वाशीमच्या रस्त्यावर खडी पडायला लागली तसं आमचं बिऱ्हाडही मालेगावात येऊन पडलं. हे आमचं जहांगीर मालेगाव, वाशीमजवळचं. वाशीमच तेव्हा अकोल्यात होतं, म्हणजे बघा किती जुनी गोष्ट. गावात यहुद्यांचं घर एकच. लोकांना पहिला महिनाभर उलगडाच होईना.

"तुमी हिंदू का मुसलमान?"

"यहुदी," बाबा सांगायचे.

"ते समजलं. पन हिंदूतले का मुसलमानातले?"

शेवटी गावानंच निकाल लावला. शनिवारी हे लोक चूल पेटवत नाहीत, बाबा हातात पेन्सिल धरत नाहीत, तेव्हा हे 'शनिवारवाले'! पोस्टमनसुद्धा पत्रं टाकताना तेच ओरडायचा.

आमचं प्रार्थनाघर दोन दिवसांच्या प्रवासावर. म्हणून बाबांनी ते पुढच्या खोलीतच चालवलं. दर शनिवारी सकाळी टोपी घालून बसायचे, आजोबांच्या हातची वही उघडायची, आणि त्या आठवड्याचा तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, भाग मोठ्यानं वाचायचा. वाचून झालं की वही मिटायची, चष्मा काढायचा आणि विचारायचं, "मग मिर्यम, यातून आपण काय शिकलो?"

बरोबर उत्तराला नारळाची वडी होती.

मी उत्तर शोधण्यात कधी वेळ घालवला नाही. माझं एकच ठरलेलं. नोहाची नाव पाण्यावर तरंगली, काय शिकलो? "खोटं बोलू नये." लोटाच्या बायकोचा मिठाचा खांब झाला? "खोटं बोलू नये." मंडपाला किती खांब, किती कड्या, किती पडदे, याची चार पानं वाचून झाली तरी, "खोटं बोलू नये!" बाबा छताकडं बघून विचार करायचे आणि म्हणायचे, "हं... तसंही म्हणता येईल." वडी मिळायची. इतकी वर्षं मी खोटं बोलू नये असं सांगून वड्या खाल्ल्या!

आता फातमाबीकडं येऊ. ती आमची घरमालकीण आणि शेजारीण. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. फातमाबी मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची, आणि तिचा राग त्याहून मोठा. तिची सून नूरभाभी इंझोरीची, एकोणीस वर्षांची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. नूरभाभी मला मेंदी काढून द्यायची, माझ्या वेण्या घालायची, आणि सासू झोपली की आम्ही दोघी अंगणात सागरगोटे खेळायचो. त्या गावात माझी मैत्रीण म्हणाल तर ती एकच.

धुळवडीला मला रंग हवा होता. बाबा म्हणाले, आपला सण नाही. मी म्हटलं, ठीक. (ठीक म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे.) पळसाची फुलं आणली, गुपचूप उकळायचं ठरवलं, रंग लाल व्हावा म्हणून चुनाही आणला. भांडं कुठलं घ्यायचं? आईच्या भांड्यांना हात लावायची सोय नव्हती. आमच्याकडं दुधाची वेगळी, मटणाची वेगळी, आणि चुकून अदलाबदल झाली तर आई दिवसभर बोलायची नाही. म्हणून मी भिंतीवरून वाकले आणि फातमाबीच्या मोरीजवळची कळशी उचलली. तांब्याची, तिच्या लग्नातली, गळ्यावर नाव कोरलेली, एरवी सणालाच वापरायची. संध्याकाळपर्यंत परत ठेवणारच होते.

रंग करून विहिरीवर नेली, तर ती हातातून निसटून दगडावर आपटली. बुडाजवळ हा एवढा पोचा!

मी ती उरल्यासुरल्या रंगासकट मागच्या खोलीतल्या माळ्यावर, भिंतीला लागून, जुन्या गोण्यांमागं लपवली.

महिन्याभरानं शब-ए-बरात आली, हलव्यासाठी पाणी भरायचं तर फातमाबीला कळशी सापडेना. तिनं सारं घर उलथं केलं, मग भिंतीवरून हाक मारली, "मिर्यम! ओ मिर्यम! माही कळशी पायली का वं?"

नाही म्हणायचं आणि पळायचं, एवढंच काम होतं. पण मला मेलीला गोष्ट रंगवून सांगायची खोड! मी म्हटलं, "कळशी नाही पाहिली. पण नूरभाभीचा भाऊ गाडी घेऊन आला होता ना, तेव्हा भाभी काहीतरी फडक्यात गुंडाळून गाडीत ठेवत होती. गोल होतं."

गोल होतं! 'गोल' काय म्हणून म्हटलं असेन मी?

त्या दुपारपासून शेजारच्या घरातलं बोलणं आमच्या घरात ऐकू यायला लागलं.

"माहेरी धुऊन नेलं माहं घर!"

"अम्मा, कसम खाते, मी नाई नेली."

"मंग कळशीले पाय फुटले काय?"

चार दिवस झाले, आठ झाले. नूरभाभी अंगणात यायची बंद झाली. मग कळलं, फातमाबीनं इंझोरीला निरोप धाडलाय, पुढच्या रविवारी येऊन पोरीला घेऊन जा. कधी परत आणून सोडायची ते निरोपात नव्हतं.

आणि भिंतीवर चट्टा उठला.

वल्हांडणाच्या सणासाठी आईनं आठच दिवसांपूर्वी सारं घर चुन्यानं रंगवलं होतं. पुढच्या खोलीची भिंत अशी पांढरी, की बघताना डोळे मिटायचे. त्या पांढऱ्यावर, माझ्या डोक्याच्या उंचीवर, एक तळहाताएवढा डाग. मधे लालसर, कडेला हिरवट. मी बोट लावलं. गार लागला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, सगळं गाव तव्यासारखं तापलेलं, आणि ती एवढीच जागा गार!

बाबा शिडी लावून धाब्यावर चढले. वर माती कोरडी ठणठणीत. चार महिने पाण्याचा थेंब नाही. "ओल येईल कुठून?" ते खाली उतरून म्हणाले, आणि आपली बोटं हुंगून बघितली. आंबट वास येत होता.

डाग वाढत गेला. रात्री नाही, भर दिवसा, आमच्या डोळ्यांदेखत! सकाळी तळहाताएवढा, दुपारी ताटाएवढा. त्या भिंतीवर एरवी चार पाली असायच्या, त्या एकदम दिसेनाशा झाल्या. फातमाबीचं मांजर आमच्या दारात येऊन बसायचं आणि तासन्‌तास त्या डागाकडं बघत राहायचं. शेपूटसुद्धा हलवायचं नाही. दुपारी गाव निपचित पडलं की मी भिंतीला कान लावायची. आतून आवाज यायचा. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. कुणीतरी आत बसून बोटानं वाजवतंय, असा.

त्या शनिवारी बाबांनी वही उघडली. आठवड्याचा भाग काय असावा? घराचा महारोग!

मी शपथेवर सांगते, बाबांनी तो निवडला नव्हता. वर्षाच्या क्रमानं तोच आला होता. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा लालसर चट्टा दिसला तर मालकानं कोहेनाला, म्हणजे याजकाला, जाऊन सांगावं. कोहेनानं येण्याआधी घर रिकामं करवावं. चट्टा भिंतीत खोल गेलेला दिसला तर घर सात दिवस बंद ठेवावं. पसरला तर दगड काढून गावाबाहेर टाकावेत. बाबा वाचत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत चालला होता. शेवटचं पान वाचताना तर ते वहीकडं बघतच नव्हते. आम्ही तिघंही भिंतीकडं बघत होतो. हिरवट. लालसर.

"जाणती माणसं सांगतात," बाबा हळू म्हणाले, "हा चट्टा दोन कारणांनी उठतो. एक, घरात वस्तू असून शेजाऱ्याला नाही म्हटलं तर. दुसरं, कुणाबद्दल वाईट बोललं तर."

आणि नेमकं त्याच वेळी आईच्या हातातलं झाकण खाली पडलं!

"मग मिर्यम, यातून आपण काय शिकलो?"

मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा वडी हुकली.

आईचं झाकण का पडलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. आईनं आपण होऊन फातमाबीला चाळण नेऊन दिली. फातमाबी चाळणीकडं बघत राहिली. "काल-परवापावतो तं नव्हती तुमच्याकडं?"

"सापडली," आई म्हणाली.

त्याचं असं होतं, की दूध-मटणाच्या भांड्यांची भानगड कुणाला समजावून सांगत बसण्यापेक्षा आईनं सोपी वाट धरली होती. कुणी काही मागितलं की, "नाही हो आमच्याकडं." खलबत्ता? नाही. सोऱ्या? नाही. परात? छे! चार वर्षं आई नाही म्हणत आली होती. आता ती भिंतीकडं पाठ करून स्वयंपाक करायची. तिला वाटत होतं चट्टा तिच्यामुळं उठला, मला ठाऊक होतं तो माझ्यामुळं. आणि आम्ही दोघी एकमेकींपासून लपवत होतो.

रविवारी बाबांनी पेन्सिलीनं डागाभोवती रेघ ओढली. (शनिवारी ओढता येईना, नाहीतर तेव्हाच ओढली असती.) सोमवारी डाग रेघेबाहेर गेला. मंगळवारी रेघच दिसेना. बुधवारी त्याला आकार आला. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून बसलेली बाई! आईनं वर गोधडी टांगली. गुरुवारी गोधडीवर बाई उठली.

मी घाबरून काय केलं असेल? शहाण्या मुलीनं आईला सगळं सांगितलं असतं. मी ठरवलं, कळशी घासून नव्यासारखी करायची आणि रविवारच्या आत गुपचूप परत ठेवायची. तांबं चिंचेनं चकचकतं. मी पहिल्यापासूनच रोज दुपारी माळ्यावर चढून कळशीत चिंचेचं पाणी भरत होते. आता दिवसातून तीनदा भरायला लागले. जितका चट्टा वाढे तितकी मी घाबरे, आणि जितकी घाबरे तितकं पाणी ओते!

शुक्रवारी ऊन उतरताना आईनं शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीचा, दिवा लावला. वारा नव्हता. तरी ज्योत भिंतीकडं झुकली. आम्ही तिघांनी ते पाहिलं.

"कोहेन पाहिजे," बाबा जेवताना म्हणाले. "कोहेनानं तोंडानं 'अशुद्ध' म्हणेपर्यंत डाग तो डागच."

"आपल्या लोकांत कोहेन आहेत तरी कुठं? आणि या मालेगावात?" आई म्हणाली.

कोहेन फातमाबीनं आणला. घर तिचं, भिंत तिची, तिचाही जीव टांगणीला! रविवारी सकाळीच ती रहीमचाचा गवंड्याला घेऊन दारात उभी राहिली. रहीमचाचांनी डाग पाहिला, हुंगला, नखानं खरवडला आणि दोन पावलं मागं सरले.

"चाळीस वर्सं झाले, भितीच बांधून राह्यलो. ओल पायली, वाळवी पायली. लाल ओल नाई पायली. भित फोडा लागते."

"त्याआधी घर रिकामं करायला हवं," बाबा म्हणाले. "तसं लिहिलंय."

"लिवलं नसतं तरी कराच लागते, साहेब. धूळ उडीन ना!"

सामान अंगणात निघायला लागलं. आणि आईचा चेहरा पडायला लागला. पहिल्यांदा खलबत्ता आला. मग दुसरा खलबत्ता आला! सोऱ्या आला. परात आली. परातीमागून तिची बहीण आली. फातमाबी कमरेवर हात ठेवून एकेक बघत होती.

"अवं मास्तरीनबाई, हा कोनाचा खलबत्ता?" (बाबा मास्तर नव्हते. पण वही वाचणाऱ्याला ती मास्तरच म्हणायची.)

"आमचाच," आई म्हणाली.

"आन हा?"

"तोही."

"मंग मले काहून नाई म्हनल्या? मी चार वर्सं मसाला पाट्यावर रगडून राह्यली!"

आईनं पदर तोंडाला लावला. त्याच वेळी भिंतीपलीकडं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. इंझोरीची गाडी. नूरभाभी बोचकं घेऊन ओट्यावर उभी होती, डोक्यावर पदर, मान खाली. हुबेहूब भिंतीवरची बाई. ती गाडीत चढली.

"माळ्यावर काय हाय?" रहीमचाचांनी विचारलं.

"काही नाही!" मी ओरडले. "उंदीर! मी बघते!"

शिडीवरून मी माळ्यावर गेले, गोण्या सारल्या, कळशी पोटाशी धरली. बेत असा, की मागच्या झरोक्यातून हात घालून ती फातमाबीच्या अंगणात सोडायची आणि 'सापडली!' म्हणून आरोळी ठोकायची. झरोका उंच होता. मी कळशी डोक्यावर धरली. आणि पोचा आला होता तिथला बुडाचा सांधा, जो इतके दिवस थेंब-थेंब गळत होता, तो फट्‌दिशी उघडला!

पळसाचं सडलेलं पाणी, चुना, चिंच, तांब्याचा हिरवा कळंक, सगळं डोक्यावरून पायापर्यंत. मला डोळे उघडेनात. शिडी चाचपत खाली आले आणि जिकडं उजेड दिसला तिकडं, म्हणजे अंगणात, दोन्ही हात पुढं करून निघाले.

बाहेर बाबा रहीमचाचांना वही वाचून दाखवत होते. "...चट्टा घरात पसरला तर..."

तेवढ्यात दारातून चट्टाच चालत बाहेर आला!

"या अल्ला! जिन!" फातमाबी किंचाळली. रहीमचाचा कुंपणावरून गेले. (साठीचा माणूस! मी नंतर ते कुंपण मोजलं, छातीएवढं होतं.) इंझोरीचे बैल गाडीसकट उधळले आणि दहा पावलांवर बाभळीला अडकून थांबले. मांजर तर पुढं तीन दिवस दिसलं नाही. बाबांनी वही छातीशी धरून प्रार्थना सुरू केली. आईनं तेवढ्यात माझी रिबीन ओळखली.

"मिर्यम?"

पुढं आली ती फक्त नूरभाभी. गाडीतून उतरून ती सरळ माझ्यापर्यंत आली. पदरानं माझे डोळे पुसले. मग माझ्या हातातल्या कळशीकडं पाहिलं. गळ्यावरचं नाव वाचायची गरजच नव्हती.

कळशीतून शेवटचा थेंब पडला. टप. तोच आवाज.

"मी घेतली होती," मी म्हटलं. "धुळवडीला. भाभीनं काही नेलं नाही. फडकं नव्हतं, गोल नव्हतं. मी बोलले ते सगळं खोटं."

बाबांनी वही मिटली. चष्मा काढला. "मग मिर्यम, यातून आपण काय शिकलो?"

"खोटं बोलू नये," मी म्हटलं, आणि अशी रडले, की गालांवर दोन पांढऱ्या रेघा उमटल्या. माझं उत्तर आजवर शंभरदा बरोबर ठरलं होतं. खरं ते एकदाच होतं.

फातमाबीनं सुनेचं बोचकं गाडीतून काढून घेतलं. "चाल घरात." आणखी थोडं थांबून, माझ्याकडं न बघता, "माही जीभ बी कमी नाई."

भिंत फोडावी लागली नाही. माळा मागच्या खोलीत, चट्टा पुढच्या खोलीत, पण दोन्ही खोल्यांची भिंत एकच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि बाबांच्याही! ज्या माणसानं जन्मभर पुलाच्या मोऱ्या बांधल्या, त्याला पाणी उतरतं हे सुचलं नाही. पुढं वर्षभर त्यांच्यासमोर ओल हा शब्द काढायची सोय नव्हती.

रंग जाईना. बाबांनी फर्मावलं, सात दिवस ओट्यावर. इंझोरीच्या भावाचं म्हणणं पडलं, आलोच आहे तर बहिणीला चार दिवस माहेरी नेतो. फातमाबीनंही हो म्हटलं. नूरभाभीनंच नाही म्हटलं. "इचा रंग उतरू द्या आंदी, मंग जाईन." आणि सात दिवस ती बेसन घेऊन माझ्यासमोर बसायची, आणि माझं कातडं निघेस्तोवर घासायची. (प्रेमानं घासत होती का सूड उगवत होती, ते मला अजून कळलेलं नाही.)

पुढं दोन महिन्यांनी वहीत माझ्या नावाच्या मिर्यमेची गोष्ट आली. ती भावाच्या बायकोबद्दल वाईट बोलली, तिच्या अंगावर कोड उठलं, तिला सात दिवस छावणीबाहेर ठेवलं, आणि ती परत आत येईपर्यंत सगळे लोक मुक्काम न हलवता थांबले. बाबांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं, आणि प्रश्न न विचारताच वडी दिली.

आता मी पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या वर्षी न्हाणीघराच्या भिंतीवर डाग उठला. मुलगा म्हणाला, आई, वरच्यांचा पाइप गळतोय. मी म्हटलं, तू प्लंबर बघ, मी माझं बघते. आणि सगळा मजला फिरले. दोन वाट्या परत केल्या, एक किसणी परत केली, समोरच्या सूनबाईंबद्दल जे बोलले होते ते त्यांच्या सासूबाईंजवळ मागं घेतलं, आणि दाराआडची छत्री चौथ्या मजल्यावरच्या बाईंना नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी पाइप बदलला, डाग वाळला. छत्री माझीच होती, हे मला पावसाळ्यात आठवलं. आता मागायची कशी? मी स्वतःच्या तोंडानं सांगून आले होते, "तुमचीच आहे हो, मी खोटं बोलत नाही!"